टायरवरचे चार आकडे आणि चार वर्षांची भीती

उन्हाळा लागला की निपाणी, संकेश्वर, बेळगाव, खानापूर या पट्ट्यातील व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक संदेश फिरू लागतो. त्यातील दावे असे: टायरवरील चार आकडे त्याची 'एक्सपायरी' ठरवतात, चार वर्षे उलटली की टायर बाद होतो आणि महामार्गावर फुटतो, उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी, नायट्रोजन भरलेला टायर फुटत नाही, अमेरिकेत मुदत संपलेले लाखो टायर कंपनीला परत घ्यावे लागले, आणि ज्या गाडीचे 'रिकॉल' निघाले, म्हणजे दोष असल्याने कंपनीने ती तपासणीसाठी परत बोलावली, ती विकून मोकळे व्हावे. हा संदेश वाचून आमच्या गल्लीतील एका निवृत्त शिक्षकांनी चार वर्षेही न झालेले, नक्षी शाबूत असलेले चारही टायर बदलून टाकले. पेन्शनवर जगणाऱ्या घराला तो खर्च लहान नव्हता.

चार आकड्यांबद्दलची माहिती अर्धी खरी आहे. 2000 सालापासून टायरच्या बाजूवरील डॉट क्रमांकाच्या (DOT या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळखक्रमांकाच्या) शेवटी उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष छापले जाते. 1219 म्हणजे 2019 सालचा बारावा आठवडा. ही जन्मतारीख आहे, मुदत नव्हे. चार वर्षांची मर्यादा आपल्या मोटार वाहन नियमांत नाही; तिथे मोजली जाते ती नक्षीची खोली, जी मोटारीसाठी किमान 1.6 मिलिमीटर हवी. अनेक वाहन उत्पादक सहा वर्षांनंतर टायर बदलण्याची शिफारस करतात, तर मिशेलिनसारखी टायर कंपनी पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी आणि जास्तीत जास्त दहा वर्षे वापर असे सांगते.

तरीही वय ही बाब खोटी नाही, आणि आपल्या भागात ती नेमकी जिथे लागू पडते तिथे हा संदेश पोहोचत नाही. रबर हवेतील ऑक्सिजनने आणि उष्णतेने कडक होते, पोलादी पट्ट्यांना धरून ठेवणारा आतला थर ठिसूळ होतो, आणि ही झीज बाहेरून दिसेलच असे नाही. ओझोनपासून बचाव करण्यासाठी रबरात मिसळलेले मेण टायर फिरत राहिला तरच पृष्ठभागावर येत राहते. म्हणून मुलगा पुण्याला नोकरीला आणि गाडी अंगणात उन्हात उभी, गणपतीला तेवढी बाहेर निघते, अशा घरांतील टायरांची नक्षी नवी दिसते आणि बाजूला मात्र बारीक भेगा पडलेल्या असतात. स्टेपनीचेही तसेच. वर उल्लेखिलेल्या शिक्षकांच्या डिकीतील स्टेपनी मी पाहिली. तिच्यावर 3713 हा आकडा होता, म्हणजे ती 2013 सालची होती, आणि ती बदलण्याचे दुकानदारालाही सुचले नव्हते.

हवा कमी ठेवण्याचा सल्ला मला सर्वांत घातक वाटतो. टायर गरम झाल्यावर दाब चार-पाच पौंडांनी वाढतो, हे धरूनच तो बनवलेला असतो. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त दुमडते, त्या दुमडण्यातून उष्णता वाढते आणि आतले थर सुटू लागतात. त्यात पाच माणसे आणि टपावर सामान घेऊन कोल्हापूरच्या रस्त्याने ताशी शंभरच्या वेगाने गाडी पळवली, तर टायर दोन वर्षांचा असूनही फुटू शकतो. सकाळी टायर थंड असताना, चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर लिहिलेला दाब भरावा. नायट्रोजनचे म्हणाल, तर साध्या हवेतही तो सुमारे 78 टक्के असतोच; तो भरला म्हणून टायर फुटणार नाही असे नाही.

अमेरिकेचे उदाहरण 2000 सालच्या ऑगस्टमधील फायरस्टोन या टायर कंपनीचे आहे. सुमारे 65 लाख टायर परत मागवले गेले. त्यांतले पुष्कळसे फोर्ड एक्सप्लोरर गाड्यांवर होते आणि तेथील वाहतूक सुरक्षा यंत्रणेने 271 मृत्यूंचा संबंध त्या टायरांशी जोडला. मात्र कारण मुदत संपणे हे नव्हते. पट्ट्यांच्या कडा सुटून नक्षीचा थर उखडत होता, उष्ण दक्षिणेकडील राज्यांत तक्रारी अधिक होत्या, आणि फोर्डने सुचवलेला 26 पौंडांचा कमी दाब हाही वादाचा विषय झाला होता.

राहिला रिकॉलचा प्रश्न. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेल्या तरतुदीनुसार केंद्र सरकार सदोष वाहने परत मागवण्याचा आदेश देऊ शकते, आणि कंपन्या स्वतःहूनही मागवतात. प्रत्येक वेळी दोष जीवघेणा असतो असे नाही. 2020 मध्ये मारुतीने 40,453 ईको गाड्या मागवल्या त्या हेडलॅम्पवरील मानक चिन्ह तपासण्यासाठी. 2021 मध्ये 1,81,754 पेट्रोल गाड्या मागवल्या त्या मोटर जनरेटर युनिट (इंजिनाला जोडलेला विजेचा भाग) तपासण्यासाठी, आणि सदोष युनिट मोफत बदलून देण्याचे जाहीर केले. आपली गाडी त्यात आहे की नाही, हे चासी क्रमांकावरून कंपनीच्या संकेतस्थळावर कळते. घाबरून गाडी विकली तर दोष दुरुस्त होत नाही. तो गोकाक किंवा चिकोडीतल्या दुसऱ्या कुटुंबाकडे जातो, आणि रिकॉलची सूचना मात्र जुन्या मालकाच्या फोनवर येत राहते.