मधोमध म्हणजे नक्की कुठे?

“काही नाही रे, फक्त तो पॉप-अप मधोमध आणायचाय. दहा मिनिटांचं काम.”

गुरुवारी संध्याकाळी सव्वासहाला, बॅग खांद्याला लावून मी उठलेलो असताना मॅनेजर हे बोलला. हिंजवडी फेज टूमधून वाकडच्या पुलापर्यंत पोचायला लागणारा वेळ ज्यांना माहीत आहे त्यांना कळेल की त्या क्षणी दहा मिनिटं म्हणजे काय असतं. शुक्रवारी रात्री साडेनऊला मी तेच दहा मिनिटांचं काम करत बसलो होतो.

मधोमध. पण कशाच्या? हे एकही माणूस विचारत नाही. खिडकीच्या? पानाच्या? का कोडमधल्या ज्या डब्याच्या आत (वेबपान म्हणजे एकात एक डबेच) तो पॉप-अप लिहिलाय त्या डब्याच्या?

विमा दाव्याचा फॉर्म आहे. लांबच्या लांब, ३४०० पिक्सेलचा. माणूस बिचारा खाली खाली जात सगळं भरतो, शेवटी ‘जतन करा’ दाबतो, आणि अख्खी स्क्रीन राखाडी होते. बस. बॉक्स नाही, प्रश्न नाही, काही नाही. कारण ‘खात्री आहे का?’ विचारणारा बॉक्स १७०० पिक्सेलवर, तिकडे वर, पानाच्या मधोमध इमानदारीत उभा आहे! आमच्या टेस्टरने व्हिडिओ पाठवला. त्यात ती त्या राखाडी पडद्यावर सोळा वेळा क्लिक करते. मी मोजले.

आता आम्हा वेबपानं लिहिणाऱ्या सगळ्यांना पाठ असतं की मांडणीच्या कोडमध्ये ‘पोझिशन फिक्स्ड’ लिहिलं की वस्तू ब्राउझरच्या खिडकीला चिकटते, पान कितीही सरकवा. खोटं नाही, अर्धवट आहे. बाहेरच्या कुठल्याही डब्याला ट्रान्सफॉर्म (सरकवणं, फिरवणं) लावा, फिल्टर (धूसर करणं वगैरे) लावा, अहो विल-चेंजमध्ये, म्हणजे पुढे काय बदलेल याच्या आगाऊ सूचनेत, नुसतं ट्रान्सफॉर्मचं नाव लिहून ठेवा, की हा फिक्स्ड खिडकी सोडतो आणि त्या डब्याचा घरजावई होतो. कन्सोलमध्ये, म्हणजे ब्राउझर चुका दाखवतो तिथे, एक अक्षर लाल येत नाही. आणि डबा कोणी बिघडवला? कामाच्या मागच्या टप्प्यात, म्हणजे स्प्रिंटमध्ये, डिझायनरला पान उजवीकडून ‘अलगद’ सरकत यायला हवं होतं. अॅनिमेशन संपलं, पान जागेवर आलं, पण त्या ट्रान्सफॉर्ममधलं ‘ट्रान्सलेट शून्य’, म्हणजे ‘शून्य सरकव’, तसंच चिकटून राहिलं. शून्य पिक्सेल! एक केसभरही न हलवणारं ट्रान्सफॉर्मसुद्धा नियमाप्रमाणे ट्रान्सफॉर्मच. हे शोधायला मला गुरुवारची पूर्ण रात्र गेली, कारण मी पॉप-अपच्या कोडमध्ये शोधत होतो आणि चूक पाच घरं वर राहत होती.

त्याच पॉप-अपला कोणीतरी आधीच झेड-इंडेक्स, म्हणजे कोण कोणाच्या वर दिसणार तो आकडा, ९९९९९९ देऊन गेलेला. तरी वरचा हेडर त्याच्या डोक्यावर बसतो. मग कोणी काय केलं? अजून एक नऊ जोडला. कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमध्ये इतिहास आहे, चार जणांनी चार नऊ जोडलेत. अरे बाबांनो, ट्रान्सफॉर्म लावलेला डबा आपली स्वतःची थर-व्यवस्था मांडतो. आतल्या आत कितीही वर चढा, बाहेरच्यांच्या लेखी डबा जिथे आहे तिथेच तुम्ही. पेठेतल्या एकमजली वाड्याच्या पत्र्यावर टेबल, टेबलावर स्टूल, स्टुलावर तुम्ही, तरी बाणेरच्या टॉवरमधल्या चौथ्या मजल्यावरच्या माणसाला तुमचं टक्कलच दिसणार. आणि कोपऱ्यातला तो चॅटचा बुडबुडा, बाहेरून आणून डकवलेला, त्याने घेतलाय २१४७४८३६४७. अधिक-उण्याच्या चिन्हासकट बत्तीस बिटांत याच्या पुढे आकडाच नाही. शहाणा!

म्हटलं, जाऊ दे, आता नीटच करू. असा बॉक्स दाखवायला ब्राउझरचा स्वतःचा डायलॉग टॅग आहे. क्रोममध्ये २०१४ पासून, फायरफॉक्स आणि सफारीने मात्र मार्च २०२२ पर्यंत वाट बघायला लावली. त्याला ‘शो-मोडल’ (बाकी सगळं अडवून उघड) म्हटलं की तो सगळ्या थरांच्या वरच्या थरात जातो, ट्रान्सफॉर्म, नऊ नऊ नऊ, कशाचीही पत्रास नाही. टाकला. पहिल्या फटक्यात मधोमध! मी एकटाच फ्लोअरवर, मोठ्याने हसलो.

मग त्यातल्या तारखेच्या रकान्यावर क्लिक केलं. कॅलेंडर उघडेना. म्हणजे उघडत होतं, पण आमची कॅलेंडर लायब्ररी आपला तक्ता बॉडीच्या, म्हणजे अख्ख्या पानाच्या डब्याच्या, शेवटी, डायलॉगच्या बाहेर नेऊन टांगते, आणि मोडल उघडा असताना त्याच्या बाहेरचं सगळं जग निर्जीव असतं. कॅलेंडर मागे दिसतंय, धुरकट, आणि त्याला हात लावता येत नाही. ‘दावा जतन झाला’ ही पट्टीसुद्धा मागेच येऊन तीन सेकंदांनी गुपचूप निघून गेली. वर बसवलं त्याला आता खाली कोणी दिसत नाही.

मोबाइलचं थोडक्यात सांगतो, कारण आठवलं की अॅसिडिटी होते. बॉक्सची उंची १०० व्हीएच, म्हणजे खिडकीच्या उंचीच्या शंभर टक्के. फोनवरच्या ब्राउझरला १०० व्हीएच म्हणजे अॅड्रेस बार लपलेला असतानाची उंची वाटते. बार दिसत असला की ‘पुढे’चं बटण स्क्रीनच्या खाली. डीव्हीएच, म्हणजे बार दिसतो-लपतो तशी बदलणारी उंची, लिहिल्यावर ते सुटलं. मग रकान्यात बोट ठेवलं, कीबोर्ड वर आला, आणि उरलेला अर्धा बॉक्स गेला.

शुक्रवारी साडेदहाला संपलं एकदाचं. कॅलेंडर डायलॉगच्या आत टांगलं, पट्टीही आत आणली, तीन फोनांवर बघितलं. सोमवारी टीमच्या स्टँडअप मीटिंगमध्ये मॅनेजर म्हणाला, “झालं ना? मग मधोमध आणायला दोन दिवस कसे काय?” मी सांगायला सुरुवात केली. ‘कंटेनिंग ब्लॉक’ (तोच तो घरजावयाचा डबा) हे शब्द तोंडातून निघाले आणि त्याची नजर फोनवर गेली. “ते सगळं टाइमशीटमध्ये टाक,” म्हणाला.

टाइमशीट कंपनीच्या पोर्टलवर. नोंद भरायला पॉप-अप उघडतो. तास टाकले, चौदा. कामाचं वर्णन टाकलं. खाली बघतो तर ‘सबमिट’चं बटण लॅपटॉपच्या स्क्रीनखाली गेलेलं, वरची निळी कड तेवढी दिसते, आणि बॉक्सला स्क्रोल नाही. झूम ऐंशी टक्क्यांवर आणला. नाही. सदुसष्टवर आणला, डोळे बारीक केले आणि दाबलं.