चर्चगेटचं चर्च जागेवरच आहे, आणि ते मुंबादेवीच्या जागेवर नाही

आमची आत्या सत्तावीस वर्षं रोज चर्चगेटला उतरून नोकरीला गेली. परवा तिनं घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला आणि खाली लिहिलं, "इतकी वर्षं आपल्याला कुणी सांगितलंच नाही." मग दोन चुलत भावांनी तो पुढे ढकलला. एकानं तर "आता नाताळला त्या बाजूला फिरकायचंही नाही" असं जाहीर करून टाकलं. म्हणून हा खटाटोप.

मेसेज असा: मुंबईतलं सेंट थॉमस चर्च मुंबादेवीचं मूळ देऊळ फोडून त्याच जागी बांधलं. ते संत थॉमसनं स्वतः पहिल्या शतकात स्थापलं. चर्चगेटचं 'चर्च' म्हणजे तेच, स्टेशनासाठी ते पाडलं. आणि आता ते नुसतं संग्रहालय आहे, तिथे प्रार्थना होत नाही. शेवटी अर्थातच "जास्तीत जास्त शेअर करा".

पाडलेल्या चर्चचं संग्रहालय कसं झालं, हे विचारायचं नाही. सोबतचा फोटोही दुसऱ्याच चर्चचा आहे. तो उंच निमुळता मनोरा कुलाब्याच्या अफगाण चर्चचा. सेंट थॉमसला असा मनोरा नाहीच, चौकोनी बुरूज आहे.

किरकोळ मुद्दे आधी उरकतो. संत थॉमसची परंपरा केरळची, तिचा या इमारतीशी संबंध नाही. ही इमारत पहिली जवळजवळ शंभर वर्षं नुसतं 'बॉम्बे चर्च' होती. थॉमसचं नाव लागलं १८१६ मध्ये, बिशप मिडलटननं तिचं विधिवत अर्पण केलं तेव्हा.

चर्चगेट हे किल्ल्याच्या एका दरवाजाचं नाव. फोर्ट म्हणजे खरोखरच तटबंदीचा किल्ला होता आणि या दरवाजातून आत गेलं की रस्ता चर्चकडे जायचा, म्हणून चर्चगेट. पाडली ती तटबंदी, १८६० च्या दशकात. दरवाजा गेला, त्या जागी फ्लोरा फाउंटन आलं, आणि स्टेशन तर त्यानंतर १८७० मध्ये. गेट गेलं आणि चर्च राहिलं, मेसेजवाल्यानं नेमकं उलटं केलंय. स्टेशनातून बाहेर पडून वीर नरिमन रस्त्यानं हुतात्मा चौक ओलांडून सरळ चालत राहा, हॉर्निमन सर्कलच्या अलीकडे चर्च समोर दिसतं. आत्याचं ऑफिस त्याच रस्त्यावर होतं, हे लिहितानाही मला राग येतोय.

आता मुंबादेवी. खरं भांडण इथेच आहे.

यात अर्धं सत्य आहे, ते नाइलाजानं मान्य करतो. मुंबादेवीचं जुनं देऊळ आजच्या जागी नव्हतं. ते बोरीबंदरच्या बाजूला, म्हणजे आज सीएसएमटी आहे त्या भागात होतं. किल्ल्याच्या तटबंदीपायी अठराव्या शतकात ते तिथून हललं आणि देवी आजच्या जागी, भुलेश्वरच्या बाजूला आली. इंग्रजांनी देऊळ हलवायला लावलं, हे खरंच. पण चर्चसाठी नाही, आणि चर्चच्या जागेवरून तर नाहीच. सीएसएमटीपासून हॉर्निमन सर्कलपर्यंत एकदा चालून बघा, मग 'त्याच जागी' म्हणा.

चर्चच्या जागेवर आधी काय होतं? अर्धवट चर्चच. गव्हर्नर जेराल्ड आँजियरनं १६७० च्या दशकात काम काढलं, १६७७ मध्ये तो सुरतेला वारला आणि काम थांबलं. पुढे चाळीसेक वर्षं नुसत्या भिंती उभ्या होत्या. रिचर्ड कॉब नावाच्या पाद्र्यानं वर्गणी गोळा करून ते काम पुन्हा उभं केलं आणि १७१८ च्या नाताळच्या दिवशी चर्च उघडलं.

या कॉबनं चर्चच्या बांधकामाची हकिगत पुढे १७६६ मध्ये लंडनला छापली. माणूस ईस्ट इंडिया कंपनीचा, स्वतःचीच पाठ थोपटणारा, हे धरूनच ती वाचायची. पण तिच्यातली एक नोंद या मेसेजला पुरून उरते. उद्घाटनाच्या दिवशी रामा कामती आपल्या जातभाईंसह आला होता आणि प्रार्थना चालू होती तितका वेळ ही मंडळी बाहेर उभी राहून बघत होती. तिथली शिस्त त्यांना आवडली, असं कॉब लिहितो. आवडलं की नाही ते सोडा, पण रामा कामती कोण? मुंबईतला बडा शेणवी व्यापारी. वाळकेश्वरचं देऊळ १७१५ मध्ये पुन्हा बांधलं ते यानंच. देवळं उभारणारा हा माणूस, देवीचं देऊळ फोडून उभ्या केलेल्या वास्तूच्या उद्घाटनाला सगळी जात घेऊन येईल?

आणि इंग्रजांवर रागच धरायचा तर धरा ना, याच माणसासाठी धरा! कान्होजी आंग्र्यांशी संधान बांधल्याचा आरोप ठेवून १७२० मध्ये कंपनीनं रामा कामतीला जन्मठेप दिली. तो कैदेतच मेला. पुरावा म्हणून दाखवलेली पत्रं बनावट होती, असं आज मानलं जातं. हा खराखुरा अन्याय, नावानिशी, सालासकट. पण तो कुणी फॉरवर्ड करत नाही.

राहिलं संग्रहालय. आत संगमरवरी स्मारकं भिंतभर आहेत, कंपनीच्या साहेबांची वारेमाप स्तुती करणारी, त्यामुळे तसं वाटू शकतं. पण हे मुंबई धर्मप्रांताचं कॅथेड्रल आहे, चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचं, आणि तिथे दर रविवारी उपासना होते. जीर्णोद्धारासाठी २००४ मध्ये युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला. जुन्या मुंबईतले मैलाचे दगड याच चर्चपासून अंतर मोजायचे, त्यातले काही अजून रस्त्याच्या कडेला सापडतात.

हे सगळं आत्याला फोनवर सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, मेसेज काही काढला नाही. पण येत्या रविवारी बघायला येते म्हणाली. आत जाताना चपला काढायच्या का, एवढंच विचारलं. नाही काढाव्या लागत.