उलट्या पावलांचा कनेक्टर

काल दुपारी सर्किट बोर्डांचं पार्सल आलं. दहा बोर्ड, हिरवेगार, कडा गुळगुळीत, अक्षरं ठसठशीत. मी चोवीस पिनांचा कनेक्टर उचलला, जागेवर ठेवला आणि दाबला. बसेना. अशा वेळी माणूस आधी थोडा जोर लावतो, मग भोकांवर फुंकर मारतो, मग एक डोळा मिटून पिना वाकल्यात का ते बघतो, आणि हे सगळं करताना पोटात खोल कुठेतरी त्याला कारण कळलेलं असतं. मी बोर्ड उलटा केला आणि पाठीमागून कनेक्टर टेकवला. चोवीसच्या चोवीस पिना आणि कडेची ती प्लास्टिकची खुंटी, सगळं म्यानात तलवार जावी तसं सर्रकन आत गेलं.

भुताची पावलं उलटी असतात असं लहानपणी ऐकलं होतं. माझ्या कनेक्टरची निघाली.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही (त्यांचं कल्याण असो) त्यांच्यासाठी एवढंच सांगतो की फूटप्रिंट म्हणजे सुट्या भागाचं बोर्डावरचं पाऊल. कुठे भोक, केवढं भोक, कुठे तांब्याचा पॅड, एक नंबरची पिन कोणती. नेहमीच्या भागांची पावलं सॉफ्टवेअरच्या लायब्ररीत तयार मिळतात. मी वापरतो ते कीकॅड १९९२ पासून चालू आहे, त्याच्या लायब्ररीत हजारो फूटप्रिंट आहेत आणि आपल्याला हवं ते नसतं. त्याचे सख्खे भाऊ असतात, बावीस पिनांचा आणि सव्वीस पिनांचा. मधलं भावंड आपण जन्माला घालायचं.

तर मी कनेक्टर उलट्या बाजूने बसवून त्याच्याकडे बघत बसलो होतो, नेमके तेव्हाच अकाउंटचे काका बिल घेऊन आले.

"आले का बोर्ड? मग बिल पास करतो."

"थांबा काका. पुन्हा मागवावे लागणार आहेत."

काकांनी खुर्ची ओढली. आमच्याकडे तोच माल पुन्हा मागवायचा एक फॉर्म आहे आणि त्यात 'कारण' नावाचा रकाना आहे. पर्याय चार: वाहतुकीत मोडतोड, नग कमी आले, पुरवठादाराची चूक, इतर. 'इतर'वर खूण केली तर खाली तपशील लिहावा लागतो. काकांना 'इतर' आवडत नाही. 'इतर' म्हणजे काहीतरी झाकायचंय, असं त्यांचं तीस वर्षांच्या नोकरीनंतरचं मत आहे.

"मोडले?"

"नाही."

"कमी आले?"

"दहाचे दहा आहेत."

"मग पुरवठादाराची चूक."

"नाही हो. मी जी फाइल दिली, तंतोतंत तेच त्यांनी बनवून दिलंय."

"म्हणजे बोर्ड बरोबर आहेत."

"बरोबर आहेत, पण चुकीचे आहेत."

काकांनी पेनाला टोपण लावलं. मग त्यांनी माझ्या हातातून बोर्ड घेतला, कनेक्टर घेतला, आणि ज्या माणसाने आयुष्यात सोल्डरिंग आयर्न हातात धरलेलं नाही त्याने दोन सेकंदांत बोर्ड पालथा करून कनेक्टर बसवून दाखवला.

"बसला की!"

"खालून बसला काका. वरून बसायला हवा."

"पण बसला ना?"

"खाली पेटीचा तळ येतो."

"मग पेटी उलटी कर."

हे ऐकून मी हसलो. पण ते यायच्या दहा मिनिटं आधी मी पेटीचं ड्रॉइंग उघडून नेमकं हेच तपासलं होतं, हे मी काकांना सांगितलं नाही. तुम्हालाही सांगणार नव्हतो.

काका मात्र आता रंगात आले होते. वर्षअखेरीला सतरा पैशांचा फरक शोधताना त्यांच्या चेहऱ्यावर जी कळा येते ती मला दिसायला लागली. "हे भोकांचं चित्र कोणी काढलं?"

"मी."

"मनाने?"

"मनाने कसं काढीन? कंपनीच्या डेटाशीटवरून, म्हणजे त्यांच्या मापांच्या कागदावरून."

"मग कंपनीची चूक!" टोपण निघालं.

"नाही ना. कंपनीने पिनांच्या बाजूने बघून काढलंय. म्हणजे कनेक्टर हातात उलटा धरून. मी समजलो वरून बघितलंय. त्यामुळे आरशात दिसावं तसं झालं."

"असं कुठे लिहिलंय?"

मी पान ७ काढून दिलं. अकाउंटच्या काकांकडे चेकवरच्या सह्या ताडायला एक भिंग असतं. ते त्यांनी शर्टाच्या खिशातून काढलं, कागदावर फिरवलं, आणि आकृतीच्या खाली, उजवीकडे, परिमाणांच्या बाणांच्या गर्दीत, डासाच्या पायाएवढ्या अक्षरांत छापलेलं वाचलं: व्ह्यू फ्रॉम पिन साइड.

"इथे तर स्वच्छ लिहिलंय," काका म्हणाले. भिंगातून डोळा न काढता.

'स्वच्छ' हा शब्द मला लागला. मी त्यांना थोडा इतिहास सांगायचा प्रयत्न केला. व्हॉल्व्हच्या काळात, म्हणजे रेडिओत काचेच्या नळ्या असत तेव्हा, म्हणे सगळ्या आकृत्या खालूनच काढत, कारण कारागीर सांगाडा उलटा करून सॉकेटला खालून तारा जोडायचा. पिना खालून बघून घड्याळाच्या दिशेने मोजायच्या. मग आयसी, म्हणजे चिप, आली, ती छापील बोर्डावर वरून दिसायला लागली, तिच्या पिना वरून बघून घड्याळाच्या उलट दिशेने मोजतात. खरं तर दोघं म्हणतात एकच, उभं राहायची जागा तेवढी वेगळी. म्हणून काही कंपन्या अजून जुन्या वळणाने…

"तू व्हॉल्व्ह लावतोयस का?"

"नाही."

"मग?"

मग काही नाही. माझ्याकडे 'मग'ला उत्तर असतं तर बोर्ड बसला असता.

आणि मग काकांनी तो प्रश्न विचारला. "ताळा घेतला होतास?"

बेरीज केली की ताळा घ्यायचा, हे शाळेत शिकलेलं. फूटप्रिंटचाही ताळा असतो. काढलेलं चित्र कागदावर एकास एक मापात छापायचं, त्यावर खरा भाग ठेवायचा, पिना कागदात टोचून बघायच्या. पाच मिनिटांचं काम. मी ते केलं नव्हतं, कारण फाइल पाठवली तेव्हा कनेक्टर आलेलाच नव्हता. तो का आला नव्हता, तर त्याच्या ऑर्डरवर सही व्हायची होती. सही कोणाकडे अडली होती, हा मुद्दा मी या क्षणी काढू शकलो असतो. समोरच बसले होते. पण त्यांच्या हातात भिंग होतं आणि माझ्या हातात उलटा बोर्ड. अशा वेळी गप्प बसावं.

आता ही एकच चूक असती तर मी एवढा चिडलो नसतो. या कामात माणसाला खड्ड्यात घालायच्या इतक्या सोयी करून ठेवल्यात की एखादं फूटप्रिंट बरोबर येतं याचंच नवल वाटावं. सॉफ्टवेअरला हवं असतं पॅडच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर. डेटाशीट देते बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंतचं. म्हणजे त्यातून पॅडची लांबी वजा करा. पॅडची लांबी? ती दिलेली नसते, आतल्या कडांमधलं अंतर दिलेलं असतं. म्हणजे बाहेरचं वजा आतलं, भागिले दोन, ते पुन्हा बाहेरच्यातून वजा. ज्या माणसाने ते ड्रॉइंग काढलं त्याच्या संगणकावर मध्यापासून मध्यापर्यंतचा आकडा पडलेला असणार. त्याने तो दिला नाही. का दिला नाही? मला खरंच कोणीतरी सांगावं.

त्यात मिलिमीटर आणि इंच. एक मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग, म्हणजे ०.०२५४ मिलिमीटर, आणि मिलला लोक बोलताना बिनदिक्कत मिलिमीटरचं लाडाचं नाव समजतात. पिच म्हणजे दोन पिनांमधलं अंतर; २.५४ मिलिमीटर पिचच्या जागी २.५ टाकलं तर काय होतं? पहिली पिन आत जाते, दुसरी जाते, तिसरी कुरकुरते. बारा पिनांच्या ओळीत अकरा फटी, दर फटीला ०.०४ची चूक, म्हणजे टोकाला ०.४४ मिलिमीटर. बारावी पिन दारातच अडते. आणि ०६०३ नावाच्या मापाचं तर विचारूच नका. इंचवाल्यांचा ०६०३ रेझिस्टर १.६ बाय ०.८ मिलिमीटरचा. मेट्रिकवाल्यांचा ०६०३ म्हणजे ०.६ बाय ०.३, ज्याला इंचवाले ०२०१ म्हणतात. एकाच नावाचे दोन इसम, त्यातला एक शिंकेसरशी उडून जाणारा. हे ज्यांनी ठरवलं ते एकमेकांशी बोलत नव्हते, एवढं नक्की.

बरं, आकडे बरोबर आले तरी पॅड केवढा ठेवायचा? त्यासाठी आयपीसी-७३५१ नावाचं मानक लोक वापरत आलेत. त्यात तीन पातळ्या आहेत, आपल्या भाषेत भरपूर, बेताचा आणि जेमतेम. कंपनीचं डेटाशीट चौथंच काहीतरी सुचवतं. मग भागाच्या भोवती मोकळी जागा राखायची, तिचं नाव कोर्टयार्ड, म्हणजे चक्क अंगण. दोन भागांची अंगणं एकमेकांत शिरली की सॉफ्टवेअर तक्रार करतं. मी कीकॅडसमोर बसून कित्येकदा म्हटलंय की बाबा रे, अंगण वाकडं नाही, मलाच नाचता येत नाही. त्याचा त्याच्यावर परिणाम होत नाही.

आणि इतकं करून या कामाला नाव नाही, हे मला खुपतं. प्रकल्पाच्या वेळापत्रकात 'सर्किट' आठवडाभर असतं, 'लेआउट' दोन आठवडे, 'चाचणी' आठवडाभर. फूटप्रिंटला स्वतंत्र ओळसुद्धा नसते. एकदा मी हट्टाने ती घालायला लावली तर समोर कालावधीच्या जागी शब्द आला, 'किरकोळ'. किरकोळ! सर्किट चुकलं तर तार जोडून सावरता येतं. तांब्याचा ट्रॅक चुकला तर खरवडता येतो. पाऊलच उलटं पडलं तर अख्खा बोर्ड जातो. ते बरोबर आलं तर कोणाच्या लक्षातही येत नाही, भाग बसला, त्यात काय? भाग बसायचाच असतो. चुकलं की मात्र भिंग घेऊन माणसं येतात.

आयतं का नाही उतरवून घेतलं, असं एका धाकट्या सहकाऱ्याने विचारलं. तेही केलंय. मागे एकदा कोणा परोपकारी माणसाने बनवलेलं फूटप्रिंट मी उतरवून घेतलं होतं. आकार निर्दोष, त्रिमितीय मॉडेलसुद्धा जोडलेलं, चकचकीत. फक्त पॅड १ आणि पॅड ३ची अदलाबदल झाली होती. तो ट्रान्झिस्टर चालू केल्यावर आधी गरम झाला, मग वास आला. तेव्हापासून मी उतरवलेलं फूटप्रिंट पुन्हा मोजतो, आणि मोजायचंच तर स्वतःच काढावं म्हणून स्वतः काढतो, आणि स्वतः काढलेलं मोजत नाही. हे लिहिताना माझ्याच लक्षात आलं.

काकांनी शेवटी 'इतर'वर खूण केली. तपशिलाच्या दोन ओळींत माझं म्हणणं मावेना, म्हणून त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं: 'चित्र खालून, वाचन वरून.' मी वाचलं आणि मला राग आला, कारण यात कमीजास्त करण्यासारखं काहीच नव्हतं.

आज सकाळी मी शहाण्यासारखा वागलो. फूटप्रिंट आरशातून सरळ केलं. एक नंबरच्या पिनेची खूण दोनदा तपासली. मग कागदावर छापलं आणि कनेक्टर त्यावर ठेवला. बसेना. डावीकडच्या पिना ठिपक्यांवर, उजवीकडच्या ठिपक्यांच्या बाहेर. पिच पुन्हा मोजला, बरोबर. डेटाशीट पुन्हा वाचली, भिंगाशिवाय, नाक कागदाला टेकवून. बरोबर. वैतागून सॉफ्टवेअरमधला आकडा बदलायला लागलो, दोन भोकं सरकवलीसुद्धा. मग कागदावर पट्टी ठेवली तेव्हा कळलं की शंभर मिलिमीटरची रेघ सत्याण्णव भरतेय. प्रिंटरमध्ये 'पानात बसवा' चालू होतं. त्याने मला न विचारता अख्खं चित्र आखडून दिलं होतं, आणि मी बरोबर फूटप्रिंट चुकीच्या कागदाशी जुळवायला पाऊण तास घालवला होता.

सरकवलेली भोकं कोणती होती ते आठवत बसलो होतो तेवढ्यात काका दारातून डोकावले.

"जुळला का ताळा?"

"नाही. फूटप्रिंट बरोबर आहे काका, ताळा चुकलाय."

काका आत आले, खुर्ची ओढली आणि पेनाचं टोपण काढलं.