बायोडेटातल्या कोऱ्या वर्षांचा जाब कोणाला विचारायचा?

ब्रिटनमध्ये आश्रय मागितलेल्या माणसाला त्याच्या अर्जाचा निर्णय लागेपर्यंत नोकरी करता येत नाही. निर्णय लागायला अनेकदा वर्ष-दीड वर्ष जाते, काहींच्या बाबतीत त्याहूनही कितीतरी अधिक काळ जातो. यथावकाश निर्वासिताचा दर्जा मिळतो, त्यासोबत कोणतेही काम करण्याची पूर्ण मुभा मिळते, आणि तिथून पुढे प्रत्येक मुलाखतीत त्याला विचारले जाते, "मधली वर्षे तुम्ही काय करत होतात?" मी इंग्लंडच्या उत्तरेकडील एका शहरात राहते, मनुष्यबळ विभागात नोकरी करते, आणि सुट्टीच्या दिवशी एका समाजकेंद्रात निर्वासितांना अर्ज लिहायला व मुलाखतीची तयारी करायला मदत करते. त्यामुळे हा प्रश्न मी टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून ऐकला आहे. ती वर्षे कायद्याने कोरी ठेवली. त्यांचा जाब अर्जदाराला विचारणे अन्यायाचे आहे, असे माझे ठाम मत आहे, आणि नोकरी देणाऱ्यांच्या खुर्चीत आज अनेक मराठी माणसे बसलेली असल्यामुळे ते मराठीत मांडावेसे वाटले.

आधी नियम नेमका काय आहे ते सांगते, कारण इथे पंधरा-वीस वर्षे राहिलेल्या आपल्या लोकांनाही तो ठाऊक नसतो. जुलै 2002 पर्यंत आश्रयाच्या अर्जाला सहा महिने उलटून गेले, तर कामाची परवानगी मागता येत असे. ती सवलत त्या महिन्यात बंद झाली. पुढे बारा महिने वाट पाहिल्यावर, आणि विलंब अर्जदाराच्या चुकीमुळे झालेला नसेल तरच, परवानगी मागण्याची सोय आली. पण 2010 पासून तिला मनुष्यबळाच्या टंचाईच्या यादीची अट जोडली गेली, म्हणजे त्या सरकारी यादीतलेच काम करता येई. त्या यादीत वर्षानुवर्षे भूभौतिकशास्त्रज्ञ आणि शास्त्रीय बॅले नर्तक यांच्यासारखी कामे होती. सुदानमधून आलेल्या गवंड्याला किंवा इराणमधून आलेल्या शिंप्याला अशा यादीचा काही उपयोग नव्हता. 2022 मध्ये वृद्धांच्या व आजाऱ्यांच्या सेवेची कामे यादीत आली तेव्हा काही जणांना वाट मिळाली, बाकीच्यांचे दार बंदच राहिले. दरम्यानच्या काळात जगण्यासाठी सरकार निवारा आणि भत्ता देते. 2024 मध्ये हा भत्ता, स्वतः स्वयंपाक करावा लागतो अशा निवासात राहणाऱ्या व्यक्तीसाठी, आठवड्याला 49.18 पौंड होता. त्या वर्षीच्या किमान वेतनाने साडेचार तास काम केले तरी याहून जास्त पैसे हाती पडले असते.

या वर्षांत माणसाचे काय होते, हे बाहेरून चटकन दिसत नाही. वीजतंत्र्याच्या हाताची सवय जाते, इथल्या वायरिंगचे नियम त्याच्या नकळत बदलत राहतात, आणि ज्या कारागिराच्या हाताखाली राहून तो ते शिकला असता त्याच्याकडे उभे राहण्याचीही त्याला मुभा नसते. इंग्रजी शिकावे म्हटले, तर सरकारी खर्चाने चालणाऱ्या वर्गात इंग्लंडमध्ये पहिले सहा महिने प्रवेशच मिळत नाही. धर्मादाय संस्थांचे वर्ग असतात, पण तिथवर जायला लागणारे बसभाडे त्या भत्त्यातूनच काढावे लागते. स्वयंसेवक म्हणून काम करता येते, मात्र ते धर्मादाय किंवा सार्वजनिक संस्थेतच, आणि त्याने पगारी माणसाची जागा घेता कामा नये. मी पाहिलेली सर्वात मोठी झीज कौशल्याची नसते. सकाळी ठरल्या वेळी उठून कुठेतरी जायचे आहे, कोणीतरी आपली वाट पाहत आहे, आपण गेलो नाही तर काहीतरी अडेल, ही जाणीवच हळूहळू विझत जाते. आमच्याकडे येणारी एक बाई तिच्या देशात शाळेत गणित शिकवत असे. पहिल्यांदा आली तेव्हा 'आधीचा अनुभव' या रकान्यात तिने काहीच लिहिले नव्हते. विचारल्यावर म्हणाली, "ते सगळे आता कोण धरणार?" बारा वर्षे शिकवलेली ती वर्षे इथल्या प्रतीक्षेने तिच्याच मनातून पुसून टाकली होती.

ही केवळ माझी भावना नाही. स्वित्झर्लंडमधील आश्रयार्थींच्या नोंदींवर हाइनम्युलर, हांगार्टनर आणि लॉरेन्स यांनी 2016 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की निर्णयासाठी एक वर्ष जास्त थांबावे लागले, तर पुढे नोकरी लागण्याचे प्रमाण चार ते पाच टक्क्यांच्या बिंदूंनी घटते. जर्मनीतील युगोस्लाव्ह निर्वासितांविषयीचा 2018 चा अभ्यास तर मला सुन्न करून गेला. ज्यांना नोकरीच्या बाजारात उतरण्यासाठी सात महिने अधिक थांबावे लागले, त्यांचे रोजगाराचे प्रमाण पाच वर्षांनंतरही इतरांपेक्षा सुमारे वीस बिंदूंनी कमी होते, आणि ही दरी भरून यायला दहा वर्षांपर्यंतचा काळ लागला. सात महिन्यांच्या बंदीची किंमत एका माणसाच्या उमेदीची दहा वर्षे असेल, तर वाट पाहण्याचा काळ हा प्रशासनाचा किरकोळ तपशील म्हणून सोडून देता येत नाही.

दर्जा मिळाल्याचा दिवस आनंदाचा असतो आणि त्याच दिवशी एक नवी घाई सुरू होते. सरकारी निवारा आणि भत्ता 28 दिवसांत बंद होतो. युनिव्हर्सल क्रेडिट या सरकारी मदतीसाठी अर्ज केला, तर पहिला हप्ता यायला साधारण पाच आठवडे लागतात. मधल्या काळासाठी आगाऊ रक्कम मिळते, पण ती पुढच्या हप्त्यांतून कापून घेतली जाते. चार आठवड्यांत घर सुटते आणि पाच आठवड्यांनी पैसे येतात, हा हिशेब कोणत्याही संसारी माणसाला कळेल. डिसेंबर 2024 मध्ये ही मुदत प्रयोगादाखल 56 दिवसांची केली होती, आणि तेवढ्यानेही आमच्याकडे येणाऱ्यांची धावाधाव कमी झाल्याचे जाणवत होते. 2025 मध्ये एकट्या प्रौढांसाठी ती पुन्हा 28 दिवसांवर आणली गेली. अशा वेळी माणूस समोर येईल ते पहिले काम घेतो. गोदामातील रात्रपाळी, गाड्या धुणे, घरोघर जेवण पोचवणे ही कष्टाची आणि मानाचीच कामे आहेत. मात्र स्थापत्य अभियंता रात्रपाळीनंतर दिवसा झोपून काढू लागला, की पदवीच्या मूल्यांकनाचा अर्ज, इंग्रजीची परीक्षा आणि ओळखीपाळखी हे सगळे मागे पडत जाते. वर्षाभराने भेटतो तेव्हाही तो गोदामातच असतो.

आता माझ्याच व्यवसायाबद्दल. आमच्या अर्जांचे नमुने असे गृहीत धरून बनवलेले असतात की प्रत्येक माणसाला आधीचे दोन मालक आहेत, ते फोन उचलतात आणि इंग्रजीत दोन ओळींची शिफारस पाठवतात. ज्याचे कार्यालय बाँबहल्ल्यात जमीनदोस्त झाले, किंवा ज्याचा मालक आज त्या राजवटीच्या तुरुंगात आहे, त्याने कोणाचा नंबर द्यावा? सुरक्षा रक्षकाच्या कामासाठी पाच वर्षांचा इतिहास तपासतात. लहान मुले किंवा वृद्ध यांच्यासोबत काम करायचे, तर गुन्हेगारी नोंदींच्या तपासणीत पाच वर्षांचे पत्ते द्यावे लागतात, आणि सरकारने चार शहरांतल्या सहा ठिकाणी हलवलेल्या माणसाला ते आठवून जुळवावे लागतात. काही नोकऱ्यांत मायदेशातील पोलिसांचा दाखला मागतात. ज्या पोलिसांपासून जीव वाचवून माणूस पळाला, त्यांच्याकडेच त्याने दाखल्यासाठी अर्ज करावा, अशी ही अपेक्षा आहे. बरीचशी अडवणूक भीतीतूनही होते. कामाची परवानगी नसलेल्याला नोकरी दिली, तर पहिल्याच वेळी प्रत्येक कामगारामागे 45,000 पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो, हे फेब्रुवारी 2024 पासून लागू आहे. निर्वासितांची परवानगी गृहखात्याच्या संकेतस्थळावर अर्जदाराने दिलेला शेअर कोड टाकून काही मिनिटांत तपासता येते आणि ती नीट तपासली, तर मालकाला कायद्याचे संरक्षण मिळते. तरीही छोटे दुकानदार आणि कधी मोठ्या कंपन्याही अपरिचित कागद पाहून 'नंतर कळवतो' म्हणतात.

डॉक्टरांची कथा वेगळी लिहावी लागेल, इथे थोडक्यात सांगते. परदेशी पदवीच्या डॉक्टरला इंग्रजीची परीक्षा आणि प्लॅब या वैद्यकीय पात्रता परीक्षेचे दोन टप्पे पार करावे लागतात, आणि बराच काळ रुग्ण तपासले नसतील, तर आत्मविश्वासही गेलेला असतो आणि रुग्णालयेही बिचकतात. सॅल्फर्डमधील रीच नॉर्थ वेस्टसारखे उपक्रम अशा डॉक्टरांना आणि परिचारिकांना पुन्हा उभे करतात. रुग्णालये माणसांअभावी चालवणे कठीण झालेल्या देशात, शिकलेला डॉक्टर वसतिगृहाच्या खोलीत बसून राहतो, याचे मला प्रत्येक वेळी नव्याने वाईट वाटते.

कामाला परवानगी दिली, तर आणखी लोक येतील, असे सरकारे सांगत आली आहेत. हा मुद्दा मी हलक्यात घेत नाही, कारण तो माझ्या शेजाऱ्यांच्या मनातला खरा प्रश्न आहे. पण 2002 साली खुद्द ब्रिटिश गृहखात्याने प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आश्रयार्थींशी सविस्तर बोलल्यावर असे दिसले होते की इथल्या कामाच्या नियमांची माहिती त्यांना यायच्या आधी फारशी नसते; कुठे पोचायचे हे नातेवाईक, भाषा आणि पैसे घेऊन वाट दाखवणारे दलाल ठरवतात. स्थलांतराविषयी सरकारला सल्ला देणाऱ्या स्वतंत्र समितीनेही डिसेंबर 2021 च्या अहवालात या बंदीचा फेरविचार करण्याची शिफारस केली होती. युरोपीय संघाच्या 2013 च्या निर्देशात ही मर्यादा नऊ महिन्यांची होती, 2024 च्या नव्या निर्देशात ती सहा महिन्यांवर आली. ब्रिटनने सहा महिन्यांनंतर, यादीच्या अटीविना परवानगी द्यावी, ही मागणी 2018 पासून 'लिफ्ट द बॅन' या आघाडीने लावून धरली आहे आणि तिला माझा पूर्ण पाठिंबा आहे.

मी मूळची कोल्हापूरची. वळिवड्याला 1943 पासून पाच वर्षे पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती हे आमच्याकडे जुन्या लोकांना माहीत आहे. सोव्हिएत राजवटीने 1940 साली सायबेरिया आणि कझाकस्तानात हाकललेल्या कुटुंबांतील सुमारे पाच हजार माणसे, मुख्यतः बायका आणि मुले, पंचगंगेच्या काठी राहत होती. महावीर उद्यानातला त्यांच्या आठवणीचा स्तंभ अनेकांनी पाहिला असेल. युद्धानंतर त्यांतील अनेकजण ब्रिटनला आले. त्या वेळच्या ब्रिटनने 1947 साली पोलिश पुनर्वसनाचा खास कायदा केला, आणि त्यात निवारा, शिक्षण यांच्यासोबत रोजगाराचा विचार पहिल्यापासून होता. खाणी, गिरण्या, शेते माणसांअभावी अडली होती आणि ही माणसे कामाला लागली. वळिवड्याच्या रिकाम्या झालेल्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले. ते भारताचे नागरिक होते, पहिल्या दिवसापासून धंदा करायला मोकळे होते, आणि आज ती जागा गांधीनगर म्हणून कापडाच्या घाऊक बाजारासाठी ओळखली जाते. त्यांना दोन-तीन वर्षे हात बांधून बराकीत बसवले असते, तर काय झाले असते, याची कल्पना कोल्हापूर-सांगलीच्या कोणत्याही व्यापाऱ्याने करून पाहावी.

आपल्यापैकी काहींना या अवस्थेची लांबून ओळख आहे. अमेरिकेत नवऱ्याच्या व्हिसावर गेलेल्या कितीतरी मराठी मुली अभियांत्रिकीची पदवी घेऊन वर्षानुवर्षे घरी बसल्या, कारण एच-4 व्हिसावर काम करता येत नव्हते. मे 2015 मध्ये त्यांतील काहींना परवानगी मिळाली, तेव्हा मुलाखतीत याच मधल्या वर्षांबद्दल त्यांना विचारले गेले. त्यांच्याकडे घर होते, जोडीदाराचा पगार होता, परत जायला सुरक्षित देश होता. इतके सगळे असूनही ती वर्षे त्यांना किती खुपली, हे माझ्या मैत्रिणींकडून मी ऐकले आहे. यातले काहीच नसलेल्या माणसाबद्दल म्हणूनच आपल्याला जास्त कळायला हवे.

ब्रिटनमध्ये नोकरी देण्याच्या निर्णयात ज्यांचा शब्द चालतो, त्यांच्याकडे माझे मागणे अगदी कामापुरते आहे. अर्जदार निर्वासित आहे हे त्याने सांगितले असेल, तर कोऱ्या वर्षांबद्दल विचारू नका. त्या काळात त्याच्या ओळखपत्रावरच काम करण्यास मनाई असल्याची नोंद असते. जुन्या मालकाच्या शिफारशीऐवजी इंग्रजीच्या शिक्षकाची किंवा जिथे त्याने स्वयंसेवा केली त्या संस्थेची शिफारस चालेल, असे आपल्या विभागाकडून लेखी ठरवून घ्या. आमच्याकडे हे ठरायला एक बैठक पुरली. मूळ प्रमाणपत्र हरवले असेल, तर कौशल्य प्रत्यक्ष करून दाखवायला सांगा: वीजतंत्र्याला पॅनेल उघडून द्या, लेखापालासमोर हिशेबाची फाइल ठेवा. पहिल्या पगाराला महिना असेल, तर आधी थोडी उचल देता येते का, हे विचारा, कारण बसच्या पासाला पैसे नाहीत म्हणून दुसऱ्याच आठवड्यात सुटलेल्या नोकऱ्या मी पाहिल्या आहेत. आणि कोणाच्या कंपनीत लेखा, वीजकाम किंवा प्रयोगशाळा साहाय्यकाची जागा असेल, तर मला संदेश पाठवा. आमच्या केंद्रात या तिन्ही कामांची अनुभवी माणसे आहेत, आणि त्यांच्याकडे आता पूर्ण परवानगी आहे.