चूल फुकट पेटत नाही

‘आपल्या आज्या चुलीच्या धुरात नव्वद वर्षं जगल्या. गॅसवरच्या भाकरीला ना चव, ना सत्त्व, वर कॅन्सर. लाकूड फुकट, शेण फुकट. गोबरगॅस, सोलर म्हणजे नुसते कागदी खेळ.’ सोलापूर जिल्ह्यातल्या गावोगावच्या ग्रुपवर हा मेसेज फिरतोय आणि चांगली शिकलेली माणसं तो पुढं ढकलतायत. मला याचा राग येतो, म्हणून लिहितेय.

आधी आज्या. नव्वदी गाठलेल्या आजीचा फोटो सगळे लावतात, पन्नाशीत धाप लागून गेलेल्या चुलतीचा कुणी लावत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली घरातल्या धुरानं जगभरात सुमारे ३२ लाख माणसं दगावली. त्यात पाच वर्षांखालची दोन लाखांहून जास्त मुलं होती. जन्मात विडीला हात न लावलेल्या बाईची फुप्फुसं निकामी होतात, त्यामागं बऱ्याचदा चूलच असते.

कॅन्सरचं तर उलटंच आहे. घरात जळणाऱ्या लाकडाच्या धुराला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं ‘बहुधा कर्करोगकारक’ ठरवलंय. गॅस पेटवतानाही खिडकी उघडी हवी, हे खरं. पण म्हणून दोन्ही सारखे होत नाहीत. आणि सत्त्व ज्वारीत असतं, जळणात नाही. चव वेगळी लागते, हे मान्य. निखाऱ्यापुढं उभी करून शेकलेली भाकरी मलाही आवडते.

खरा मुद्दा ‘फुकट’चा. तुराट्या रानातून कोण आणतं? वेडी बाभळ तोडून, काटे सोसून भारा डोक्यावर कोण घेतं? गोवऱ्या कोण थापतं, पावसाआधी कोण रचून झाकतं? यातलं एकही काम पुरुषाच्या रोजगारात धरलं असतं, तर जळणाचा भाव लगेच कळला असता. कडक भाकरी करून विकणाऱ्या बाया बघा. पातळ भाकरी तव्यावर टाकायची, मंद आचेवर फडक्यानं दाबत दाबत पाणी पार उडवायचं. जाळ वाढला की डाग पडतो, कमी झाला की भाकरी वातड राहते. म्हणून एक हात भाकरीवर आणि एक चुलीत, तासन्‌तास, तोंडावर धूर घेत. ही आच गॅसच्या बटणावर धरता येते. वाचलेल्या वेळात चार भाकरी जास्त होतात, त्यांचे पैसे तिचेच.

सिलेंडर महाग पडतो, हे मात्र खोटं नाही. सरकारच्या उज्ज्वला गॅस योजनेत सबसिडी आहे, तरी पूर्ण पैसे आधी मोजावे लागतात आणि हातात रोख नसली की टाकी कोपऱ्यात उभी राहते. पण याचं उत्तर चूल नव्हे, गोठा आहे. दोन घनमीटरच्या गोबरगॅसला रोज सुमारे ५० किलो शेण लागतं, म्हणजे चार-पाच जनावरं. तो पूर्ण चालला तर साधारण १६ दिवसांत १४.२ किलोच्या एका टाकीएवढं जळण देतो. ‘पाणी कुठाय?’ शेणाइतकंच लागतं, आणि ते वाया न जाता स्लरीतून, म्हणजे गॅस निघाल्यावर उरलेल्या पातळ शेणातून, रानात जातं. सोलापूरची गरमीही इथं कामाला येते, कारण थंडीत गॅस कमी पडतो. बंद पडलेले गोबरगॅस मीही पाहिलेत. शेण घालायचं थांबलं, घुमट गळला, दुरुस्तीला कुणी आलं नाही. ते सुधारता येतं. ज्यांच्याकडं जनावरं नाहीत त्यांना हा उपाय लागू नाही, त्यांना सिलेंडरच स्वस्त मिळायला हवा.

सोलरबद्दल दोन्ही बाजूंनी अती बोललं जातं. सूर्यचुलीत भात-डाळ शिजते, भाकरी नाही. छपरावरच्या विजेवर इंडक्शन चालेल, पण भाकरीचा खोलगट तवा त्यावर नीट बसत नाही. पण आंघोळीचं पाणी? गॅस असलेल्या घरातही सकाळी चूल पेटते ती बहुतेक त्यासाठीच. आपल्याकडं ऊन वर्षातले बहुतेक दिवस असतं. पाण्याचा सोलर बंब बसवला तर त्या घरातला सकाळचा धूर तिथंच थांबतो.