काकांना घरी आणायचं का?

परवा आमच्या परभणीच्या फॅमिली ग्रुपवर दादानं विचारलं, तिकडं इंग्लंडात मेंदूचं ऑपरेशन करून स्किझोफ्रेनिया बरा करतात म्हणे, काकांसाठी बघ ना. मी इथं इंग्लंडात अशाच पेशंटच्या एका घरात सपोर्ट वर्कर, म्हणजे पगारी मदतनीस आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

दादा, ते ऑपरेशन म्हणजे लोबोटॉमी, मेंदूच्या पुढच्या भागाचे धागे कापायचे, लई जुनं आहे. पोर्तुगालच्या डॉक्टर एगास मोनिझनं १९३५ ला सुरू केलं, १९४९ ला नोबेलही मिळालं. इंग्लंड-वेल्समध्ये १९४२ ते १९५४ मध्ये दहा हजारावर लोकांवर केलं. आरडाओरडा थांबायचा पण स्वतःहून काही करायची उमेदच जायची. १९५२ नंतर गोळ्या आल्या, ऑपरेशन मागं पडलं, ती माणसं मात्र वॉर्डातच म्हातारी झाली. आमच्या एक रिटायर नर्स सांगतात, ऐंशीच्या दशकात हॉस्पिटलं रिकामी करताना अशी एक आजी त्यांच्याकडं आली. तिला चहा करता येत होता, पण किटली लाव म्हणलं की लावायची आणि तिथंच उभी राहायची, पुढचं सांगेपर्यंत. रोज त्याच वेळेला, कपाटावर चित्रं चिकटवून, आठ-नऊ महिने तिच्याकडून चहा करून घेतला, मग एके दिवशी ती आपली आपण चहा करायला उठली.

काकांचं ऑपरेशन झालं नाही, पण एकोणीस वर्षं मनोरुग्णालयाच्या वॉर्डात राहून तसंच झालंय ना. जेवा म्हणलं की जेवतात.

आपल्याकडं वाद चाललाय की मराठवाड्याला मनोरुग्णालय पाहिजे. पाहिजेच, राज्यातली जुनी चारही ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरीला, भेटायला जायचं तर रात्रभर प्रवास. पण बरी झालेली माणसं जायची कुठं ते कुणी बोलत नाही. २०१७ चा कायदा म्हणतो की घरच्यांनी नेलं नाही एवढ्यासाठी कुणाला हॉस्पिटलात ठेवायचं नाही. मग प्रत्येक जिल्ह्यात मी काम करते तसं एक घर पाहिजे, पगारी माणसासकट, नाहीतर सगळा भार एकट्या काकूवर येतो आणि तिनं नाही म्हणलं तर तिला दोष कसा द्यायचा. इथं पगारी माणूस मिळतो, पण सणाला दार वाजवणारं कुणी नसतं, ते आपल्याकडं आहे.

दिवाळीत मी तीन आठवडे येतेय. आधी दोनच रात्री काकांना आखाड्यावर, शेतातल्या घरी आणू, गोळ्या मी बघते. वहिनीला सांग, चहा हातात देऊ नको, पातेलं समोर ठेव आणि थांब. आणि सातबाऱ्यावरचं त्यांचं नाव कुणी काढायचं नाही, हे मी आत्ताच सगळ्यांसमोर लिहून ठेवते.