पिंचबॅक यांना कोणीही हाकलले नव्हते

नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरणारा एक संदेश माझ्या भाच्याने वक्तृत्व स्पर्धेच्या भाषणात जसाच्या तसा उतरवून घेतला, म्हणून हे लिहिणे भाग पडले. संदेशाचा आशय असा : अमेरिकेतील पहिला कृष्णवर्णीय गव्हर्नर पी. बी. एस. पिंचबॅक अशिक्षित होता, वॉशिंग्टनने आरक्षणासारखी मेहेरबानी करून त्याला खुर्चीवर बसवले आणि राज्य चालवता न आल्याने 35 दिवसांत हाकलून दिले.

यातला सर्वांत खोडसाळ भाग शेवटचा. 9 डिसेंबर 1872 रोजी लुईझियानाच्या प्रतिनिधिगृहाने गव्हर्नर हेन्री क्ले वॉर्मथ यांच्यावर महाभियोग दाखल केला. तेथील नियमानुसार निकाल लागेपर्यंत गव्हर्नर निलंबित होत असे आणि त्याचे अधिकार लेफ्टनंट गव्हर्नरकडे जात असत. ते काम त्या वेळी पिंचबॅक पाहत होते. वॉर्मथ यांची मुदतच मुळी 13 जानेवारी 1873 रोजी संपत होती. ती संपली, विल्यम पिट केलॉग यांनी शपथ घेतली आणि पिंचबॅक पायउतार झाले. त्यांच्या जागी दुसरा कोणीही असता, तरी त्याच्या वाट्याला तेवढेच दिवस आले असते. दुसऱ्याची उरलेली मुदत पूर्ण करणाऱ्याला हाकलले म्हणणे हा धादांत खोटेपणा आहे.

आता मेहेरबानी. पिंचबॅक 1868 पासून राज्याच्या सेनेटचे सदस्य होते आणि 1871 मध्ये लेफ्टनंट गव्हर्नर ऑस्कर डन वारल्यावर याच सेनेटने त्यांची अध्यक्षपदी निवड केल्यामुळे ते डन यांच्या जागी आले. राखीव जागा वगैरे काही नव्हते. ज्या राज्यात निम्मी लोकसंख्या कृष्णवर्णीय होती, तेथे कृष्णवर्णीय नेता वर यावा यात उपकार कसला? एवढे मात्र मान्य केले पाहिजे, की 1872 च्या निवडणुकीचा निकाल वादग्रस्त होता आणि राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांच्या सरकारचा पाठिंबा नसता, तर पिंचबॅक यांना टिकणे कठीण गेले असते.

अशिक्षित म्हणणाऱ्यांनी तर थोडी तरी चौकशी करायला हवी होती. लहानपणी ते सिनसिनाटीच्या शाळेत शिकले, न्यू ऑर्लिन्समध्ये त्यांनी वृत्तपत्र चालवले आणि पुढे कायदा शिकून 1886 मध्ये वकिलीची सनद मिळवली.

नालायक ठरवून ज्यांना काढले म्हणतात, त्या पिंचबॅक यांना त्याच जानेवारीत लुईझियानाच्या विधिमंडळाने अमेरिकेच्या सेनेटवर निवडून दिले होते. सेनेटच्या स्वतःच्या दप्तरात हे प्रकरण नोंदलेले आहे. त्यांना निवडणारे विधिमंडळ वैध होते का, हा तेथील मुख्य वाद होता. तीन वर्षे प्रकरण लोंबकळत ठेवून 8 मार्च 1876 रोजी सेनेटने 32 विरुद्ध 29 मतांनी त्यांना जागा नाकारली आणि नंतर मधल्या काळाचे वेतन मात्र मंजूर केले. पिंचबॅक यांना दार बंद झाल्याची गोष्ट सांगायचीच असेल, तर ती ही आहे, आणि तिचा त्यांच्या 35 दिवसांच्या कारभाराशी काडीचाही संबंध नाही.